क्लेअर काउंटीबद्दल सगळे विचारतात ते प्रश्न (आयर्लंडचा पश्चिम किनारा)

आयर्लंडला नवीन आलेले, सुट्टीत आई-बाबांना बोलावलेले, लिमरिकला शिकायला आलेली पोरं, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. बहुतेक लोक डब्लिनहून बसने येतात, क्लिफ्सवर (म्हणजे क्लिफ्स ऑफ मोहर, समुद्रावरचे उंच कडे) दीड तास वाऱ्यात उभे राहतात, फोटो काढतात आणि परत. मग म्हणतात क्लेअर बघून झालं. माझं म्हणणं एवढंच की इथे फिरताना पायाखालचा दगड कुठला आहे ते बघत जा. उत्तरेला चुनखडी, पश्चिमेला शेल (चिखलाचा झालेला मऊ दगड) आणि वालुकाश्म, एवढं जरी डोक्यात ठेवलंत तरी कडे इथेच का, गुहा तिथेच का, नद्या कुठे गायब होतात, घरांवर फरशांची छपरं का, हे सगळं आपोआप उलगडत जातं.

क्लेअर नक्की आहे कुठे?

पश्चिम किनाऱ्यावर, मन्स्टर प्रांतात. वर गॉलवे, खाली शॅनन नदीपलीकडे लिमरिक आणि केरी, पूर्वेला लॉक डर्ग नावाचं प्रचंड तळं आणि त्यापलीकडे टिपररी. म्हणजे पश्चिमेला अटलांटिक, दक्षिणेला शॅननची खाडी, पूर्वेला तळं आणि नदी, जवळजवळ सगळीकडून पाणीच, गॉलवेच्या बाजूने तेवढी मोठी जमिनीची हद्द. क्षेत्रफळ साधारण ३,४५० चौरस किमी आणि २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर, त्यामुळे गर्दी म्हणाल तर ती फक्त क्लिफ्सच्या पार्किंगमध्ये. मुख्य गाव एनिस.

आणि लिमरिक युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्यांनो, तुमचा कॅम्पस शॅननच्या दोन्ही काठांवर आहे, पूल ओलांडून पलीकडच्या हॉस्टेलला राहत असाल तर तुम्ही ऑलरेडी क्लेअरमध्येच राहताय.

क्लिफ्स ऑफ मोहर खरंच एवढे भारी आहेत का, की नुसती हवा?

भारी आहेत. उगाच कुजकटपणा करत नाही. दक्षिणेला हॅग्ज हेड नावाच्या टोकापाशी साधारण १२० मीटर उंची आणि तिथून चढत चढत ओब्रायन टॉवरच्या जरा उत्तरेला २१४ मीटर, आणि खाली थेट अटलांटिक, मधे उतार वगैरे काही नाही. पण नुसती उंची बघून परत येऊ नका, कड्यावरचे पट्टे बघा. हे थर साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या नदीच्या मुखाशी साचलेला गाळ आहे, एक थर चिखलाचा, एक वाळूचा, पुन्हा चिखलाचा, असं करत करत दगड झालाय. चिखलाचा जो शेल झाला तो मऊ, वाळूचा जो दगड झाला तो कडक. समुद्र खालून मऊ थर कोरत जातो, वरच्या कडक थराचा आधार जातो आणि मग तो सरळ उभा तुटून खाली पडतो. म्हणून कडा कायम उभाच राहतो, तिरका होत नाही. आणि म्हणूनच काठावर जाऊन सेल्फी काढू नका असं सारखं सांगतात, कारण तुम्ही ज्या गवतावर उभे आहात त्याच्या खाली काही आहे का हे वरून दिसत नाही.

समोर पाण्यात एकटाच उभा असलेला सुळका दिसतो तो ब्रानॉनमोर, ६७ मीटरचा. पूर्वी तोही कड्याचाच भाग होता.

कड्यावरचा तो बुरूज किल्ला आहे का?

नाही हो. तो ओब्रायन टॉवर, १८३५ मध्ये कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या जमीनदाराने बांधला, आणि तोही येणाऱ्या पाहुण्यांना नीट व्ह्यू मिळावा म्हणून. म्हणजे क्लिफ्सवरचं टुरिझम जवळजवळ दोनशे वर्षं जुनं आहे. खरा जुना बुरूज बघायचा तर हॅग्ज हेडला आहे, नेपोलियनच्या काळात फ्रेंच जहाजांवर नजर ठेवायला बांधलेला, आता पडका.

तिकीट लागतं का, आणि कधी जावं?

व्हिजिटर सेंटरच्या बाजूने जाल तर लागतं, ऑनलाइन आधी काढलेलं बरं. हे सेंटर २००७ मध्ये टेकडीच्या पोटात बांधलंय, वर गवत, त्यामुळे लांबून दिसतच नाही, हे मात्र मानलं पाहिजे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, दुपारी अकरा ते चार डब्लिनच्या बसेस ओतत असतात. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, तेव्हा जेवण आधी उरकून निवांत जाता येतं. पफिन पक्षी बघायचे तर एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत, ऑगस्टमध्ये येऊन "कुठेयत पफिन" विचारू नका, ते समुद्रात निघून गेलेले असतात. दुर्बीण आणा, नाहीतर नुसते ठिपके दिसतील.

डूलिन गावाहून कड्याच्या काठाने चालत यायची पायवाट फार सुंदर, पण २०२४ पासून तिचे काही भाग सुरक्षेसाठी बंद केलेत, त्यामुळे निघायच्या आधी साइटवर चेक करा आणि बंद म्हणजे बंद, कुंपण ओलांडून जाऊ नका. छत्री आणू नका, उलटी होईल. विंडचीटर.

बरन म्हणजे काय? फोटोत तर नुसता दगड दिसतो.

नुसता दगडच आहे, आणि माझ्या मते क्लेअरमधली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हीच. काउंटीचा सगळा उत्तरेकडचा भाग, राखाडी चुनखडीचे उघडे डोंगर, पायऱ्या पायऱ्यांचे. ही चुनखडी क्लिफ्सच्या दगडापेक्षाही जुनी, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी शंख-शिंपले-प्रवाळ साचून झालेली, तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता. दगडात नीट बघितलंत तर प्रवाळाचे ठसे दिसतात, शोधायचीही गरज नाही, बसलात तिथेच असतात.

मग हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली, आणि जी उरली ती इथल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी पाईनची झाडं तोडल्यावर पावसाने धुऊन नेली. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी, ते चुनखडीला विरघळवतं, त्यामुळे दगडात लांबच लांब भेगा पडल्यात. मधले सपाट तुकडे आणि मधल्या खोल भेगा. चालताना खाली बघून चाला, पाय अडकला की घोटा गेलाच म्हणून समजा, सँडल घालून तर अजिबात नको.

गंमत त्या भेगांत आहे. आत वारा नाही, ओल आहे, थोडी माती आहे. तिथे फर्न, फुलं, हेझलची खुरटी झुडपं वाढतात. मे महिन्यात गेलात तर निळं स्प्रिंग जेन्शियन दिसतं, जे एरवी आल्प्ससारख्या उंच डोंगरात असतं, आणि त्याच्याच शेजारी भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड. थंड प्रदेशातली आणि उबदार प्रदेशातली झाडं एकाच दगडावर आणि तीही समुद्रसपाटीजवळ, यावर वनस्पतीशास्त्रवाले कितीतरी वर्षं डोकं लावतायत. कासच्या पठारासारखं आहे का असं हमखास विचारतात, तर नाही, तिथे जांभा दगड आणि फुलांचे गालिचे, इथे चुनखडी आणि फूल एकेक करून वाकून शोधावं लागतं.

तिथे झाडं नाहीत, पाणी नाही, मग गुरं कशी चरतात?

हा प्रश्न १६५१ मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यातल्या एडमंड लडलोलाही पडला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, टांगायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. (याचं लक्ष कुठे होतं ते दिसतंच.) पण त्यानेच पुढे म्हटलंय की तरी इथली गुरं चांगली धष्टपुष्ट असतात.

कारण असं की जगभर लोक गुरं उन्हाळ्यात डोंगरावर नेतात आणि थंडीत खाली आणतात, बरनमध्ये उलटं. ऑक्टोबरच्या शेवटी गुरं वर जातात आणि वसंतात खाली येतात. चुनखडी उन्हाळाभर तापलेली असते ती हिवाळ्यात हळूहळू उष्णता सोडते, पाणी लगेच झिरपून जातं त्यामुळे बसायला जागा कोरडी, आणि गवतात कॅल्शियम भरपूर. आणि गुरांनी हिवाळ्यात सगळं वाळकं गवत आणि झुडपांचे कोंब खाऊन टाकले की वसंतात फुलांना ऊन मिळतं. म्हणजे शेतकऱ्याची गुरं नसती तर ही फुलंही नसती, सगळीकडे हेझलचं रान माजलं असतं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला गुरं वर न्यायचा छान सोहळा असतो, पब्लिक सोबत चालत जातं, जमलं तर जा.

बरनमध्ये नद्या नाहीत का मग?

आहेत, जमिनीखाली. वर वाहत थेट समुद्राला मिळणारी म्हणावी तर एक कॅहर नदी, फॅनोरपाशी. बाकीचं पाणी शेलच्या जमिनीवरून वाहत येतं, चुनखडी लागली की भोकात शिरून गडप. आणि पाऊस खूप झाला की हेच पाणी खालून वर येतं आणि काल कुरण होतं तिथे आज तळं, उन्हाळ्यात पुन्हा कुरण. याला टर्लो म्हणतात, कॅरनजवळचा मोठा आहे. फेब्रुवारीत आणि जूनमध्ये एकाच जागेचे फोटो काढलेत तर कुणी एक जागा म्हणून मानणार नाही.

मग गुहाही असतील?

भरपूर, पण बहुतेक हौशी लोकांच्या कामाच्या नाहीत, पाऊस आला की भरतात. सामान्य माणसांसाठी दोन. बॅलीव्हॉनजवळ एलवी, तिथे अस्वलांची हाडं सापडली होती, आयर्लंडमधून अस्वलं कधीच नामशेष झालीयेत. आणि डूलिनची गुहा, तिथे छतातून एकच एक ७.३ मीटर लांबीचा लवणस्तंभ लटकतोय, १९५२ मध्ये सापडला. अंधारात नेतात आणि मग एकदम लाइट लावतात, जरा नाटकी आहे पण लहान मुलं खूश होतात. पावसाच्या दिवशी हे बेस्ट.

पूलनाब्रोन बघायला थांबायचं का? तीन दगड आणि वर एक दगड.

थांबा. दहा मिनिटं लागतात आणि फुकट आहे. साधारण साडेपाच हजार वर्षांपूर्वीची थडग्याची रचना, पिरॅमिडच्या आधीची. १९८० च्या दशकात डागडुजीच्या निमित्ताने उत्खनन झालं तेव्हा आत वीसपेक्षा जास्त माणसांचे अवशेष निघाले, मोठी माणसं आणि मुलंही. दोरीच्या बाहेरूनच बघायचं. आणि प्लीज तिथे दगडांचे छोटे मनोरे रचत बसू नका, ते दगड तिथल्या फरशीतूनच उपटलेले असतात आणि खालची झाडं मरतात. लोकांना वाटतं प्राचीन आहेत, प्राचीन वगैरे काही नाही, मागच्या रविवारचे असतात.

बरन नॅशनल पार्क वेगळं आहे का?

बरनचा एक छोटा तुकडा, आग्नेयेला, साधारण १५ चौरस किमी. तिथला मुल्लामोर डोंगर बघाच, त्याचे थर वाकून गोल झालेत, मऊ मेणासारखे. १९९० च्या दशकात सरकारला याच्या पायथ्याशी मोठं व्हिजिटर सेंटर बांधायचं होतं, गावात दोन तट पडले, कोर्टकचेरी झाली आणि शेवटी बेत बारगळला. आता कोरोफिन गावातून उन्हाळ्यात शटल बस सुटते. मला विचाराल तर बरं झालं बारगळला.

अरन बेटं क्लेअरमध्ये येतात ना?

नाही, गॉलवेत. पण दगड बरनचाच, चुनखडीचा पट्टा समुद्राखालून तसाच पुढे गेलाय. बोट मात्र डूलिनहून जवळची, इनिशीर सगळ्यात जवळ. सीझनमध्येच असते आणि समुद्र खवळला की रद्द, मागे-पुढे एक दिवस मोकळा ठेवा.

लूप हेड म्हणजे काय, तिथे कुणी जात नाही असं ऐकलं.

म्हणूनच जा. नैऋत्येचं टोक, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला शॅननची खाडी, मधे निमुळती होत गेलेली जमीन. आताचं दीपगृह १८५४ चं, तिथे १६७० पासून दिवा आहे. टोकाला जमिनीवर दगडांनी मोठ्ठी अक्षरं लिहिलीत, आयर्लंडचं आयरिश नाव, दुसऱ्या महायुद्धात वरून जाणाऱ्या विमानांना कळावं की हा तटस्थ देश आहे. कडे मोहरएवढे उंच नाहीत पण थर तसेच आणि माणसं नाहीत. येताना ब्रिजेस ऑफ रॉसला थांबा, पूर्वी समुद्रावर तीन नैसर्गिक कमानी होत्या, दोन पडल्या, एक उरलीये. नाव अजून अनेकवचनीच.

डॉल्फिन दिसतात का?

शॅननच्या खाडीत बॉटलनोज डॉल्फिनचा कायमचा मुक्काम आहे, शंभराच्या वर. कॅरिगहोल्ट आणि किलरशहून बोटी निघतात. किलिमरहून केरीतल्या टार्बर्टला गाड्यांची फेरी जाते, वीसेक मिनिटं, तिच्यातूनही कधीकधी दिसतात. केरीला जाणार असाल तर ही फेरी घ्याच, नाहीतर लिमरिकला पूर्ण वळसा.

फेरीतून दोन अजस्र धुरांडी दिसतील, ते मनीपॉइंट वीजकेंद्र, २०२५ च्या जूनमध्ये तिथे कोळसा जाळणं थांबलं. धुरांड्यांची उंची साधारण २१८ मीटर आहे, म्हणजे क्लेअरमधली सगळ्यात प्रसिद्ध उंची क्लेअरमधल्याच धुरांड्यांनी चार मीटरने मागे टाकलीये. हे टुरिस्ट माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

खाडीतच स्कॅटरी बेट आहे, सेंट सेननचा मठ, पडकी चर्चेस आणि एक उंच गोल मनोरा. असल्या मनोऱ्यांचा दरवाजा सहसा जमिनीपासून बराच वर असतो, इथे खाली जमिनीलगत आहे.

शॅनन एअरपोर्टबद्दल काहीतरी ऐकलंय, ड्यूटी फ्री?

हो, जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान इथे, १९४७. त्या काळी विमानांना अटलांटिक ओलांडायच्या आधी किंवा नंतर इंधन भरायला थांबावं लागायचं, आणि युरोपच्या पश्चिम टोकाजवळ म्हणजे हेच. लोक तासन्तास बसून असायचे, मग ब्रेंडन ओरीगन नावाच्या माणसाने डोकं चालवलं. आज अमेरिकेला जाताना इमिग्रेशन इथेच उरकता येतं. क्लिफ्स इथून गाडीने साधारण तासाभरावर.

पूर्वेला काही आहे का?

पूर्व क्लेअर लोक सोडूनच देतात. स्लीव्ह बर्ना डोंगररांग तिथे, मॉयलुसा हे ५३२ मीटरचं काउंटीतलं सर्वोच्च शिखर. वर दलदल, बूट भरतात, सांगून ठेवतो. खाली लॉक डर्गच्या काठी किलालू, आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याच भागातला, १०१४ च्या क्लॉनटार्फच्या लढाईत मेला तो. आणि थोडं खाली आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र, १९२५ ते १९२९ मध्ये जर्मन सीमेन्सकडून बांधून घेतलेलं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, खिशात पैसे नाहीत आणि एवढं मोठं धाडस. इंजिनिअर मंडळींनी चुकवू नये.

एनिसमध्ये काय बघायचं?

अरुंद गल्ल्या, फर्गस नदी, तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन मठ, चौकात उंच खांबावर डॅनियल ओकॉनेलचा पुतळा. १८२८ ची क्लेअरची पोटनिवडणूक त्याने जिंकली, कॅथलिक असल्यामुळे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं, आणि त्या दणक्याने पुढच्या वर्षी कायदाच बदलावा लागला. बॉक्सर मुहम्मद अलीचे पणजोबा एनिसचे, तो २००९ मध्ये येऊन गेला. उन्हाळ्यात घराघरावर भगवे-निळे झेंडे दिसले तर गोंधळू नका, ते क्लेअरच्या हर्लिंग (काठी आणि चेंडूचा आयरिश खेळ) टीमचे रंग.

बनरॅटी कॅसल टुरिस्टी आहे का?

आहे. पण १४२५ च्या सुमाराचा किल्ला खरा आहे, आणि मागे जुन्या घरांचं गाव वसवलंय ते आजी-आजोबा आणि मुलं दोघांनाही आवडतं.

पोहता येतं का?

लाहिंचला सर्फिंग शिकवतात, वेटसूट भाड्याने मिळतो, उन्हाळ्यात लाइफगार्ड असतात. किल्कीची खाडी घोड्याच्या नालासारखी, त्यातल्या त्यात शांत, आणि ओहोटीला तिथे पोलॉक होल्स म्हणून दगडातले नैसर्गिक हौद उघडे पडतात. स्पॅनिश पॉइंट दिसायला मस्त पण ओढ जबरदस्त, १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराची जहाजं या किनाऱ्यावर फुटली म्हणून ते नाव. पाणी ऑगस्टमध्येही गारच.

गाडी नसेल तर जमतं का?

जमतं, पण संथपणे. गॉलवे ते एनिस ३५० नंबरची बस डूलिन आणि क्लिफ्सवरून जाते. एनिसला ट्रेन आहे, लिमरिक-गॉलवे लाइनवर. लूप हेड आणि बरनच्या आतल्या भागाला मात्र गाडी हवीच. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि २०२५ पासून गावाकडच्या लोकल रस्त्यांना ताशी ६० किमीची मर्यादा. खरं सांगायचं तर ६० सुद्धा जमत नाही, समोर ट्रॅक्टर असतो.

किती दिवस ठेवू?

एकच दिवस असेल तर क्लिफ्स सकाळी आटपा आणि डूलिनहून आर४७७ रस्त्याने ब्लॅक हेडला वळसा घालून बॅलीव्हॉनला या, उजवीकडे चुनखडीचे डोंगर, डावीकडे समुद्र, हा रस्ता क्लिफ्सएवढाच बघण्यासारखा. दोन दिवस असतील तर दुसरा लूप हेड आणि किल्कीला. तीन असतील तर तिसरा पूर्ण बरनमध्ये पायी घाला आणि रात्री डूलिनला पबमध्ये फिडल आणि कॉन्सर्टिना ऐकत बसा, तिकीट नसतं, कुणीतरी कोपऱ्यात वाजवायला लागतं. जुलैत मिलटाउन मॅलबेला संगीताचा मोठा आठवडा असतो आणि सप्टेंबरात लिसडूनवार्नाला लग्न जुळवायचा मेळा, त्या दिवसांत आसपास खोली मिळत नाही, त्यामुळे तारखा आधी बघा आणि मगच बुकिंग करा.